पडद्याआडचे डॉक्टर

प्लासिड डॉक्टर नव्हता, हे आमच्या गिरीज गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ते विसरलेही होते. चर्चमधून बाहेर पडताना बायका त्याला थांबवून जीभ दाखवायच्या. लग्नात त्याला पुढच्या खुर्च्यांवर बसवायचे. तोही असा बिलंदर, की कुणाशी हात मिळवला तरी बोटं हळूच मनगटावर सरकायची आणि नाडी बघितल्यासारखा चेहरा करायचा. मी एकदा वैतागून म्हटलंसुद्धा, "प्लासिड, सोड माझा हात, मला काही झालेलं नाही." त्यावर म्हणाला, "टीचर, झाल्यावर सगळेच येतात." मी शाळेत शिकवते, म्हणून गाव मला टीचर म्हणतं. माझं नाव व्हेरोनिका. माझा स्वभाव तापट आहे असंही गाव म्हणतं, आणि त्यात खोटं काही नाही.

तरुणपणी प्लासिड केळीचे घड भरायला वाड्यांतून फिरायचा. मग सुमेध करंदीकर नावाचे डॉक्टर गावात आले. त्यांनी गावातल्याच पास्कलच्या घराची पुढची खोली भाड्याने घेऊन दवाखाना थाटला. कंपाउंडर हवा होता, प्लासिड मिळाला. औषधाच्या बाटलीवर डोस मोजायची कागदाची खाचेची पट्टी चिकटवायला शिकला, मग गोळ्या बांधायला, मग जखम धुवायला, आणि डॉक्टर शेजारी उभे राहिले की इंजेक्शन द्यायला. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट तेव्हापासून त्याच्या अंगावर चढला तो उतरलाच नाही. त्याची बायको एमिली त्या शर्टांना नीळ घालून दोरीवर वाळत टाकायची, तेव्हा शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आमच्या दवाखान्याचे कपडे." नवऱ्याचा तिला फार अभिमान होता.

दवाखान्याची एक रीत होती. खोलीच्या मधोमध हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे बाक आणि प्लासिडचं टेबल, पलीकडे डॉक्टर. करंदीकर मुळात अबोल माणूस. पुढेपुढे तर सर्दी-पडसं, तापाचे रोगी ते स्वतः बघेनासे झाले. प्लासिड बाकावरच्या माणसाला विचारपूस करायचा, पडद्याआड जाऊन डॉक्टरांना सांगायचा, आतून दोन शब्द पुटपुटल्यासारखे ऐकू यायचे, की हा बाहेर येऊन औषध द्यायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. डॉक्टर आत आहेत की नाहीत हेही कुणी विचारायचं नाही. दाराबाहेर त्यांच्या कोल्हापुरी चपला दिसल्या की डॉक्टर आहेत, नाही दिसल्या की नाहीत. गावात बाकी कुणी कोल्हापुरी घालतच नव्हतं, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. स्टेशनच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीत इमारती भराभर उठत होत्या. त्या फ्लॅटवाल्यांसाठी करंदीकरांनी दोन वर्षांपूर्वी तिकडे दुसरा दवाखाना काढला, हे आम्ही ऐकून होतो. पण चपला आपल्या जागी दिसत होत्या. आम्ही म्हटलं, माणूस चांगला, दोन्हीकडे धावतो.

त्या दिवशी मी खोकल्याचं औषध घ्यायला गेले होते. शनिवार, शाळा सकाळची, दुपारी मी बाकावर. माझ्या पुढे दोन-तीन माणसं आणि चक्क एमिली. वाडीत भाजी खुडताना तिच्या पायात काटा मोडला होता, पाय सुजून लाल झाला होता, अंगात ताप होता. घरचं माणूस असून ती रांगेत बसली होती. म्हणाली, "आधी मला घेतलं तर लोक नावं ठेवतील, टीचर."

तिचा नंबर आला. प्लासिडने पाय बघितला, मान हलवली आणि पडद्याआड गेला. आतून त्याचा हलका आवाज आला. मग थोडी शांतता. मग "बरं, बरं," असं तो म्हणाला. बाहेर येऊन त्याने पेनिसिलिनची बाटली काढली.

हे इंजेक्शन देण्याआधी हातावर थेंबभर टोचून वाट बघतात, अंगावर उठतंय का ते पाहायला. आमच्यापैकी प्रत्येकाने ते सोसलेलं होतं. एमिलीने आपणहून हात पुढे केला. प्लासिड म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, टेस्ट नको. तुला पूर्वी दिलेलं आहे, काही झालं नव्हतं."

तिने हात मागे घेतला. डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर विषय संपला.

इंजेक्शन देऊन तो सुई ठेवायला वळला असेल-नसेल, एमिली ओठ खाजवायला लागली. मग गळा. बघता बघता तिचा चेहरा असा सुजला की डोळे दिसेनात. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि ती बाकावरून घसरून खाली पडली. बाकावरची माणसं उठून भिंतीला चिकटली. मी ओरडले, "डॉक्टर! अहो डॉक्टर, बाहेर या!" कुणी आलं नाही. मला असा संताप आला की काय सांगू. बाई मरतेय आणि हा माणूस आत बसून राहिलाय! मी उठले आणि पडदा खस्सकन ओढला.

खुर्ची होती. टेबल होतं. टेबलावर धूळ होती, बोटाने नाव लिहिता येईल एवढी. माणूस नव्हता.

पडद्याआडून आत्ताच बोलणं ऐकलं होतं मी, या कानांनी! मी प्लासिडकडे वळले. तो बायकोकडे बघत नव्हता. माझ्यासारखाच, तोंड उघडं टाकून, रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. मी त्याला दंडाला धरून गदागदा हलवलं. "काहीतरी दे तिला! उतारा असेल ना काही?" तो हलला नाही. सगळ्या गावाला धीर देणारा माणूस दगड होऊन उभा होता.

पास्कलचा भाजीचा टेम्पो अंगणात उभा होता म्हणून एमिली वाचली. आम्ही तिला उचलून त्यात घातलं. नर्सिंग होममध्ये पोचलो तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. तिथल्या डॉक्टर स्वप्नाबाईंनी पळत येऊन इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "वाचल्या. आता सांगा, हे दिलं कुणी?"

मी सांगितलं. त्या मटकन खुर्चीत बसल्या. "डॉक्टर तिथे नव्हता? मग तपासलं कुणी? औषध कुणी ठरवलं?"

"कंपाउंडरने."

"अहो बाई, डॉक्टर समोर उभा असेल, त्याने रोगी बघून सांगितलं असेल, आणि मदतनीसाने सुई टोचली, तर जबाबदारी डॉक्टरची. त्याची नजर हवी, नुसतं नाव नाही चालत. डॉक्टर नसताना याने रोगी तपासला, औषध ठरवलं, तर कायद्याने तो बोगस डॉक्टर. याला तुरुंग आहे. आणि ज्याने आपल्या नावाखाली हे चालू दिलं, त्याचं रजिस्ट्रेशन जाऊ शकतं." त्यांनी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी करंदीकर नर्सिंग होममध्ये आले. मी विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कधीपासून येत नाही?" ते आधी इकडे-तिकडे बघत राहिले. मग म्हणाले की पूर्वेचा दवाखाना सुरू झाला तेव्हापासून आठवड्यातून एखादी चक्कर मारतात, औषधं भरायला. चपलांचा जुना जोड त्यांनीच दाराशी ठेवला होता. दोन वर्षं! दोन वर्षं आम्ही पोरंबाळं घेऊन तिथे गेलो, आणि हा प्लासिड पठ्ठ्या हिरव्या पडद्याआड जाऊन एका खुर्चीशी बोलून यायचा. मला तर आधी हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना.

करंदीकरांनी पास्कलला बाजूला घेतलं. सकाळी पोलीस आणि तालुक्याचे वैद्यकीय अधिकारी जबाब घ्यायला येणार होते. एमिलीने एवढंच म्हणायचं, की डॉक्टर आत होते. मग तो औषधाचा अपघात ठरतो, प्लासिड सुटतो, दवाखाना राहतो. "मी माझ्याकडून म्हणेनच," ते म्हणाले. पास्कलला पटलं. बाकावर बसलेली माणसंही तयार झाली. "बाई वाचली ना? मग कशाला त्याला आत घालायचं? आपलाच माणूस आहे." मी म्हटलं, "आणि मी पडदा ओढला तो?" पास्कल म्हणाला, "टीचर, स्वप्नाबाईंना तुम्ही घाबरून बोललात म्हणू, आता फक्त गप्प राहा." मला गप्प राहा म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता. पण एमिलीचा संसार मोडेल या विचाराने त्या रात्री मीसुद्धा माझ्या जिभेला वेसण घालून बसले. ठरवलं, ती म्हणेल ते.

सकाळी एमिलीच्या खाटेभोवती सगळे जमले. तिचा चेहरा अजून सुजलेला होता. पायाशी प्लासिड उभा, कालचाच शर्ट अंगावर. दाराशी करंदीकर. अधिकाऱ्यांनी सरळ विचारलं, "इंजेक्शन दिलं तेव्हा डॉक्टर आत होते का?"

एमिलीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याला आमच्या बोलीत विचारू लागली. मी इथे सोप्या मराठीत लिहिते.

"तू आत गेलास ना?"

"गेलो."

"आत कोण होतं?"

प्लासिडने मान खाली घातली. "कुणी नाही."

"मग टेस्ट नको असं तुला कोण म्हणालं?"

दाराशी करंदीकर खाकरले. मग प्लासिडने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, तेच मला सहन झालं नाही. तो म्हणाला, "मी विचारलं, एमिली. रोज विचारतो तसं. मला वाटलं, त्यांनी सांगितलं."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं होतं. एमिलीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिने ते पुसलं नाही. ती अधिकाऱ्यांकडे वळली.

"लिहा, साहेब. आत कुणी नव्हतं. आणि हेही लिहा, की हा रोज घरी आला की जेवताना मला सांगायचा, आज डॉक्टर काय काय म्हणाले. परवा सांगत होता, डॉक्टर म्हणाले, प्लासिड, तुझ्यावाचून माझं चालत नाही."