पाहुणे घरात, मामंजी तंबूत

आमचं गाव भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी. आज इथे घरागणिक तंबू आहेत. पण मी लग्न होऊन आले तेव्हा गावात येणारा माणूस एक तर कुणाचा सोयरा असायचा, नाही तर वाट चुकलेला. पुढे रस्ता झाला आणि शहरातली माणसं पाण्याकाठी तंबूत राहायला येऊ लागली. शेजाऱ्यांनी तंबू लावले, तशी आमच्या ह्यांची चुळबुळ सुरू झाली.

हे लांब नागापूरच्या कारखान्यात, राहायला तिथेच खोलीवर, महिन्यातून एकदा घरी. आले की लेक लाजून माझ्यामागे लपायची, आणि ती जरा जवळ जाईपर्यंत ह्यांची निघायची वेळ व्हायची. मला त्या नोकरीचा मनापासून राग होता.

शेवटी ह्यांनी रजा टाकली आणि आमच्या वावरात दोन तंबू ठोकले. पहिले पाहुणे खूश होऊन गेले तर नोकरी सोडायची, नाही तर मुकाट परत जायचं, असं ठरलं.

पहिले आले ते पुण्याचे नवरा-बायको, एका रात्रीसाठी. हे बाजाराला गेले आणि इकडे मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घोळ घातला.

"पावन्यास्नी उघड्यावर निजवायचं? लोक त्वांडात शेन घालतील."

त्यांनी बॅगा घरात आणल्या, गोधड्या अंथरल्या आणि स्वतः तंबूत जाऊन आडवे झाले. मी सांगून पाहिलं, पण ऐकतील तर शपथ. पाहुणे भिडस्त, तेही घरातच निजले. हे परतले तोवर मामंजी तंबूत घोरत होते. ह्यांनी कपाळाला हात लावला. माझा तर असा संताप झाला की दोन भाकरी करपल्या.

सकाळी पाहुणे बाहेर आले. मामंजी तंबूच्या तोंडाशी बसून पाण्यावरचं धुकं बघत होते. सगळा जन्म या काठावर गेला, पण असं निवांत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लई झ्याक झोप लागली," ते पाहुण्यांना म्हणाले. "तुमी कशापायी येता ते आत्ता कळलं. आज तुमी निजा हितं."

पाहुणीला हसू आवरेना. "राहतोच आजचा दिवस," ती म्हणाली.

ह्यांनी तिथेच उभ्याउभ्या नागापूरच्या खोलीवरल्या जोडीदाराला फोन लावला. ऐकता ऐकता मला रडू आलं.

"माझी खाट दे कुनालाबी," हे सांगत होते. "मी आता घरीच निजनार हाय."