ज्याचा चेहरा, त्याला आधी

सूर्य सोडला तर या जगात कुणीही कुणाला न विचारता उगवू नये, असं मनापासून मानणारी एकच व्यक्ती मी पाहिली, ती म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामी. त्या माझ्या सख्ख्या काय, लांबच्याही मामी नव्हत्या. फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात मराठी घरं मोजून चार, त्यामुळे नाती वाटून घ्यावी लागत, आणि मामीपद त्यांच्याकडे गेलं ते कायमचं. पंजाबी शेजारणी त्यांना 'मामीजी' म्हणत आणि त्या शेजारणींच्या सासवाही 'मामीजी'च म्हणत. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावर एखादी बाई भिशी लावते किंवा भजनी मंडळात जाते. मामींनी टीव्ही स्टेशन काढलं.

ते दिवसच तसे होते. घराघरात नुकतीच केबल आली होती आणि रोज एक नवा चॅनल उगवत होता. केबलवाल्याच्या मुलीला मामींनी दहावीच्या गणितातून तारून नेलं होतं, त्या आनंदात त्यानं एक रिकामा चॅनल रोज संध्याकाळी तासभर मामींच्या हवाली केला. गच्चीवरच्या एकुलत्या खोलीला दिल्लीकडे बरसाती म्हणतात, ती झाली स्टुडिओ. पगारी माणूस एकच, लग्नांचे व्हिडिओ काढून कंटाळलेला एक कॅमेरामन. तो सवयीनं पाणीप्रश्नाच्या सभेतही जेवणाची ताटं शोधत असे. बाकी आम्ही सगळे हौशी. मी कॉलेज संपवून नोकरी शोधत होतो, म्हणजे मामींच्या हिशेबी अगदीच मोकळा होतो, म्हणून दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी मला कामाला जुंपलं होतं.

स्टेशनचा नियमही एकच होता. ज्याचा चेहरा पडद्यावर दिसणार, त्यानं तो आधी पाहायचा आणि हो म्हणायचं, मगच कार्यक्रम लागायचा. त्यासाठी मामी सायकलरिक्षात बसत, मांडीवर चौदा इंची टीव्ही, पायाशी व्हीसीआर, आणि दारोदार जाऊन प्लगची जागा विचारत. या कारभारामुळे आमच्या बातम्या कधीच ताज्या नसत. 'उद्या पाणी येणार नाही' ही बातमी लागायची तेव्हा पाणी जाऊन परत आलेलं असायचं, आणि लोक भरलेल्या बादल्यांशेजारी बसून ती ऐकायचे. पण तक्रार कुणाची नसे. एकदा एका डॉक्टरांच्या मुलाखतीत मागे भाजीवाला दिसला, तर मामींनी त्यालाही मंडईत गाठलं. त्यानं स्वतःला दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "मामीजी, भिंडी सूखी दिख रही है. पानी छिड़क देता हूँ, फिर से ले लो." मामींनी खरोखर पुन्हा घेतलं. डॉक्टरांना सगळं पुन्हा बोलावं लागलं.

सेक्टरच्या सभेचं चित्रण तर गच्चीवर सतरंज्या घालून सव्वीस जणांना एकदम दाखवलं. स्वतःला भांडताना पाहून ते सव्वीस जण पुन्हा भांडले. कॅमेरामननं सवयीनं कॅमेरा उचलला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की हे भांडण टिपलं तर तेही यांना दाखवावं लागेल. त्यानं निमूटपणे झाकण लावलं. मी वैतागून म्हटलं, "मामी, मोठे चॅनलवाले कुठे कुणाला विचारतात?" मामी शांतपणे म्हणाल्या, "म्हणूनच तर त्यांना रिक्षा लागत नाही."

मला त्या मोठ्या चॅनलमध्येच जायचं होतं. दिल्लीत नव्यानं निघालेल्या एका चॅनलनं मला सोमवारी नमुन्याची कॅसेट घेऊन बोलावलं होतं, आणि घरी बाबा रोज जेवताना माझ्याकडे न बघता डाळ वाढून घेऊ लागले होते. त्याच आठवड्यात बंद पडलेल्या कारखान्यातल्या एका खरादियाशी, म्हणजे लेथ चालवणाऱ्याशी, मी कॅमेऱ्यासमोर बोललो. तो बोलत सुटला. नोकरी जाऊन पाच महिने झाले, घरी बायकोला ठाऊक नाही, रोज सकाळी ती डबा भरून देते आणि तो डबा घेऊन दिवसभर पार्कात बसतो. असं चित्रण आमच्या बरसातीत कधी झालं नव्हतं. नियमाप्रमाणे मामींनी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, "मत दिखाइए. पड़ोस में केबल है." मामींनी व्हीसीआरमधून कॅसेट काढली आणि त्याच्याच हातात दिली. विषय संपला.

त्यांच्यापुरता संपला. मी आदल्या दुपारीच, मामी रिक्षातून हिंडत होत्या तेव्हा, बरसातीतले उरलेले दोन व्हीसीआर जोडून तिची नक्कल करून ठेवली होती. सोमवारी ती दिली. नोकरी मिळाली. तिथले साहेब म्हणाले, याच आठवड्यात हे दाखवू.

पेढे घेऊन मी मामींकडे गेलो. त्यांनी पेढा उचलला आणि विचारलं, "कुठली कॅसेट दिलीस रे?" खोटं बोलता आलं असतं. का कोण जाणे, नाही बोललो. मामींनी पेढा बॉक्समध्ये परत ठेवला. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ती परत आण. नोकरी गेली तर मी तुझ्या बाबांशी बोलेन."

दुसऱ्या दिवशी मी दिल्लीची बस पकडली आणि कॅसेट परत मागितली. साहेब खूप चिडले, पण कॅसेट त्यांनी टेबलावर आपटून परत दिली. नोकरी राहते की जाते, हे महिनाभर कळणार नव्हतं. तिथून घरी आलो तर मामी चपला घालूनच उभ्या होत्या. आम्ही पार्कात गेलो. खरादिया बाकावर बसला होता, शेजारी रिकामा डबा. मामी हात जोडून म्हणाल्या, "भाईसाहब, गलती हमारे यहाँ से हुई है." माझं नाव त्यांनी घेतलं नाही, म्हणून मलाच सगळं सांगावं लागलं. कॅसेट त्याच्या हातात दिली. मग त्यानं विचारलं, "नौकरी लग गई?"

मी मान हलवली.

"चलो," तो म्हणाला, "किसी की तो लगी."

मामींनी पिशवीतून माझाच पेढ्यांचा बॉक्स काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं एक पेढा घेतला, आणि त्यानंतर मामींनीही घेतला. मामी म्हणाल्या, दोन घरी न्या, मुलांना होतील. त्यानं नको म्हटलं. घरी नेले असते तर ते कशाचे, हे सांगावं लागलं असतं. तो तिथंच बसून, अगदी सावकाश, आपला पेढा खात राहिला, आणि तो संपेपर्यंत मामी त्याच्या शेजारी बसून राहिल्या.