फ्राऊ लोर्ख आणि उतारावरची हाक

आमच्या घरमालकीणबाई, फ्राऊ हेडविग लोर्ख, नोव्हेंबर लागला की माती वाहायच्या. पंच्याहत्तरी उलटलेली, कंबर वाकलेली आणि पाठीवर वेताची उंच टोपली. वर्षभराच्या पावसाने शेताच्या पायथ्याशी आलेली माती त्या फावड्याने टोपलीत भरायच्या, चढ चढून वर न्यायच्या आणि होती तिथे ओतायच्या. गावातले ट्रॅक्टरवाले हसत. पहिल्या वर्षी मीही हसले.

"बघ, तुमची जर्मन एफिशियन्सी," स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी नवऱ्याला दाखवलं.

"बरं, मला आठची मीटिंग आहे गं," म्हणून कपिल र्युसेल्सहाइमला निघून गेला. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात तो इंजिनियर. भाडं परवडतं म्हणून आम्ही ऱ्हाइनपलीकडच्या या टेकड्यांत बिऱ्हाड थाटलेलं. दिवसभर वर मी एकटी आणि खाली त्या.

पण माझं हसू फार टिकलं नाही. माझी आई सांगोल्याकडची. बाहत्तरच्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावर तिने डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या, आणि ते दिवस तिने आम्हाला इतक्यांदा ऐकवले होते की म्हाताऱ्या बाईला ओझ्याखाली बघून मला घरात बसवेना. मी खाली गेले, ओढणीची चुंबळ केली आणि टोपली सरळ डोक्यावर घेतली. फ्राऊ लोर्ख इतक्या हसल्या की त्यांना खालीच बसावं लागलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी वाहू लागलो, त्या पाठीवर आणि मी डोक्यावर.

चढाच्या मध्यावर, उताराला आडवा, गवताने भरलेला एक बांध होता. तो त्यांच्या नवऱ्याने, कार्लने घातलेला. पन्नास सालानंतर शेतकी खात्याचा माणूस गावोगाव सांगत फिरायचा, की उताराला आडवं नांगरा, मध्ये गवताचा पट्टा सोडा, म्हणजे पाणी दमानं उतरेल. गावात त्याचं ऐकलं एकट्या कार्लने. हे सगळं बाई मोठ्या कौतुकाने सांगत. मात्र बांध जवळ आला की त्यांचं बोलणं तुटायचं.

"इथून पुढे मागे बघायचं नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं. का, ते सांगितलं नाही.

मला कळलं ते धुक्याच्या एका संध्याकाळी. चार वाजून गेले होते, खालचा रस्ता दिसेनासा झाला होता. त्या पुढे, मी मागे. बांध ओलांडला आणि माझ्या पाठीशी, अगदी जवळून, पुरुषाचा आवाज आला.

"हेडविग."

काम करता करता कुणी मदतीला बोलवावं, तसा साधा आवाज. बाईंचे खांदे ताठ झाले, पण त्या चालत राहिल्या. मी घरी आले ती सगळे दिवे लावूनच बसले. कपिलने कपाळाला हात लावून पाहिला आणि ताप नाही म्हणाला. मला असा राग आला त्याचा!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चहाचा थर्मास घेऊन खाली गेले. मला बाईंना धीर द्यायचा होता, आणि स्वतःलाही. म्हटलं, "तुम्ही ओ देत नाही ते बरोबरच आहे. आमच्याकडे तिन्हीसांजेला मागून हाक आली तर एका हाकेला ओ देत नाहीत. आई म्हणायची, जिवंत माणूस पुन्हा हाक मारतो. जे एकदाच हाक मारतं ते माणूस नव्हे."

त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"तो जिवंत होता," त्या म्हणाल्या. "आणि त्याने एकदाच हाक मारली होती."

मग त्यांनी सांगितलं. छप्पन सालचा जून. बांध नवा होता, गवताने अजून धरला नव्हता. कसदार जमिनीची पट्टी गवताला सोडली म्हणून सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. दुपारी ढगफुटी झाली. कार्ल फावडं घेऊन बांध सावरायला धावला. त्या गोठ्यात होत्या. पावसातून त्याची हाक आली, आणि त्यांनी मनात म्हटलं, मारू दे, बोलवू दे आणखी दोनदा. दुसरी हाक आलीच नाही. फुटलेल्या बांधाच्या चिखलाखाली तो सापडला.

"पहिल्याच नोव्हेंबरात मी माती वाहू लागले आणि तो हाक मारू लागला. मी ओ देत नाही, कारण ओ दिली तर तो थांबेल. मग माझं काय राहील, ऊर्मिला?"

माझं नाव त्या घशातल्या र-ने घ्यायच्या. एवढी शहाणी मी, आईची शिकवण नको त्या ठिकाणी नेऊन ठेवली होती. मी त्यांचे हात धरून रडले.

पुढचे काही दिवस त्या बाहेर आल्या नाहीत. मग एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात त्या, रिकामी टोपली हातात. "आज तू वाहा," म्हणाल्या, "मी नुसती येते."

धुकं होतंच. मी भरली टोपली डोक्यावर घेऊन पुढे, त्या माझ्यामागून काठी टेकत. बांधावर आलो.

"हेडविग."

काठीचा आवाज थांबला. मी मान वळवली नाही. मनातल्या मनात म्हणत होते, बाई, चला, चला.

"हो, कार्ल," त्या म्हणाल्या. आवाज कापरा, तरण्या बाईसारखा. "आले."

मी टोपली फेकली आणि वळले. धुक्यात कुणी नव्हतं. बांधावरचं गवत मात्र खालपर्यंत एका रेषेत दबत गेलं, कुणी सावकाश उतरून जावं तसं. बाई ते बघत उभ्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

त्यानंतर हाक आली नाही. "त्याला ऐकू गेलं," एवढंच त्या म्हणाल्या. मोकळ्या झाल्या होत्या आणि फार एकट्याही. फेब्रुवारीत त्या गेल्या. शेत भाच्याकडे आलं. बांध त्याने ठेवलाय, पण माती वाहायला त्याला कुठला वेळ?

या नोव्हेंबरात पाऊस जोराचा झाला. खिडकीतून मला पायथ्याशी साचलेली पिवळी माती दिसत होती. दोन दिवस मी पडदा ओढून घेतला. तिसऱ्या दिवशी तळघरातून टोपली काढली, आणि या वेळी डोक्यावर नाही, त्यांच्यासारखी पाठीवर घेतली.

बांध ओलांडला आणि मागून हाक आली.

"ऊर्मिला."

घशातला र. एकदाच. थांब, आईची सगळी शिकवण छातीत ओरडत होती, पुन्हा येते का बघ. पण दुसऱ्या हाकेची वाट मला पाहायची नव्हती.

"ओ!" मी म्हटलं आणि मागे वळले.