कबाहेंडाच्या तोंडून गेलेलं नाव

कबाहेंडा निधनवार्ता वाचायला बसली की स्टुडिओचं दार आतून लावून घेते. फोन बंद करते. एवढं करूनही दोन नावांच्या मध्ये ती जरा अडखळते, कारण तेवढ्यात हेडफोनमध्ये एक म्हातारी हसते. अगदी खळखळून. वायरी बदलून झाल्या, मशीन तपासून झालं. ते हसणं फक्त हिलाच ऐकू येतं.

पूर्वी अशी नव्हती हो ही बाई. फोर्ट पोर्टल या आमच्या शहरातल्या त्या लहानशा रेडिओ केंद्रावर मालकाने माणसं कमी केली. गाणी लावणं, श्रोत्यांचे फोन घेणं, जाहिराती सोडणं, मेसेजना उत्तरं देणं, सगळं हिच्या गळ्यात पडलं. तक्रार करेल तर शपथ! उलट मिरवायची. "एका वेळी एकच काम? ते पुरुषांनी करावं," म्हणायची. मालकही तिला 'आमची चार डोक्यांची अब्वोली' म्हणून चढवायचा. अब्वोली हे तिचं लाडाचं नाव, आम्हा तोरोच्या लोकांत प्रत्येकाला असतं तसं. मेल्याला चार माणसांचे पगार वाचल्याचा आनंद, दुसरं काय! तिच्या लक्षाच्या चिंध्या होत होत्या, ते ना त्याला दिसलं, ना तिला.

त्या दिवशी दुपारच्या निधनवार्ता चालू होत्या. डोंगरापलीकडच्या खोऱ्यांत फोन लागत नाही. कोण गेलं ते तिथे रेडिओ सांगतो, आणि रेडिओने सांगितलं की लोक थडगं खणायला कुदळी घेऊन निघतातच. बिरुंगी नावाच्या मोटारसायकलवाल्याने वार्ता दिली होती: थोरला भाऊ मुगेनी ट्रकखाली सापडून गेला, गावी आईला कळावं. कबाहेंडाने वाचायला घेतलं. तोच एका श्रोत्याचा फोन लुकलुकायला लागला, तो तिने एका हाताने थोपवला. मालकाचा मेसेज आला, साबणाची जाहिरात राहिली. दुसऱ्या हाताने ती शोधायला लागली. तोंड चालूच होतं. मेला म्हणून तिने बिरुंगीचं नाव घेतलं, आणि कळवणारा म्हणून मुगेनीचं. मग साबणाचं गाणं लावलं.

थोड्याच वेळात बिरुंगी स्वतः दारात उभा. इस्पितळाच्या आवारात, भावाच्या देहाशेजारी बसून त्याने ते ऐकलं होतं.

"अब्वोली, मलाच मारलंस गं!"

तिने तिथल्या तिथे दुरुस्ती वाचली, पुन्हा पुन्हा वाचली. बिरुंगी मान हलवत राहिला.

"आईच्या कानावर नाही जायचं ते. घरात सुतक आलं की आधी रेडिओ बंद करतात. तुला काय सांगायचं!"

मग त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून ती निघाली. देहाची गाडी मागून यायची होती. म्हातारीला खरं नाव आपणच सांगायचं, या पोराच्या तोंडी ते घालायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

अंगणात शेकोटी पेटली होती. केळीच्या बागेत माणसं खड्डा खणत होती. बिरुंगीची आई आद्येरी जमिनीवर बसलेली, घसा बसलेला, डोळे सुजलेले. बिरुंगीला बघून एका शेजारणीने किंकाळी फोडली, "अगं बाई, भूत!" बायका पळाल्या. म्हातारी मात्र उठली. पोराजवळ आली, त्याचा कान ओढला, गाल चाचपले. आणि हसायला लागली. हसत हसत नाचायलाच लागली.

"मेल्या, धडधाकट आहेस की! आणि मी इथे नरडं फाडून घेतलं!"

कबाहेंडा पुढे झाली. "आई, चूक माझी. मी रेडिओवरची..."

"आवाज ओळखला गं तुझा, भवाने! माझ्या लेकराला मारतेस?" म्हातारीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिलाच मिठी मारली. "जाऊ दे. आज जेवल्याशिवाय सोडत नाही तुला. अरे, तो खड्डा बुजवा रे! कुणी गेलं नाही!"

खणणाऱ्यांतला एक जण खरंच माती लोटायला लागला. बिरुंगीने तोंड फिरवलं.

म्हातारी कबाहेंडाच्या गळ्यात, तिचं हसणं कानाशी. सांगू नये, असंच सोडून पळून जावं, असं तिला वाटलं.

"खड्डा राहू दे, आई," ती शेवटी म्हणाली. "मुगेनी गेला."

हसणं एकदम थांबलं नाही. थोडं पुढे चालतच राहिलं, आणि तेच वाईट होतं. मग म्हातारी खाली बसली. बायका परत आल्या, पुन्हा आक्रोश सुरू झाला. म्हातारी डोळे चोळत राहिली, घसा खाकरत राहिली.

"येत नाही गं," ती कबाहेंडाला म्हणाली. "थोरल्याच्या वाटचं रडू याच्यावरच सांडून बसले. आता त्याला काय देऊ?"

गाडी आली. मुगेनीला त्याच खड्ड्यात ठेवलं. आई कडेला उभी होती, आणि तिचे डोळे कोरडे होते.