चांगुणा बोलत होती

माझ्या नवऱ्याला माझ्या सगळ्या खोड्या पाठ होत्या. ही एक सोडून. मुलांना सांगण्याचा प्रश्नच नव्हता — खरं बोलावं म्हणून त्यांचे कान मीच उपटले. तुम्हाला सांगते आहे. का, ते मात्र विचारू नका. मलाही धड सांगता येणार नाही.

आमचं गाव हरिहरेश्वरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. वरच्या अंगाला आम्ही भातशेतीवाले, खाली वाळूवर कोळीवाडा. माझी आत्या लग्नानंतर काही वर्षं मुंबईला होती, तिथे एका बालवाडीत काम शिकली. नवरा गेला, ती गावी परतली आणि पडवीत पोरं जमवायला लागली. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, सगळ्यांनाच काही ना काही सुरू करायचं होतं. तीन वर्षांची, पाच वर्षांची, नाक वाहणारी, रांगणारी — सगळी एकाच पडवीत. शिंपले निवडायचे, चिंचोके मोजायचे, पाटावर वाळू पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं. आत्याचा नियम एकच: प्रत्येक मोठ्याने एक धाकटं सांभाळायचं. त्याला शिकवता शिकवता आपलं पक्कं होतं, म्हणायची.

मी त्या सगळ्यांत घोडी. चौथी झाली होती आणि गावची शाळा चौथीलाच संपत होती. आईच्या मते माझं शिक्षणही. धाकट्या भावाला कडेवर घेऊन मी पडवीत यायची, म्हणून चालून जायचं. पोरं घरी गेली की आत्या मला पुढच्या इयत्तांची पुस्तकं शिकवायची. सातवीच्या फायनल परीक्षेला मला बसवायचंच, असं तिने मनावर घेतलं होतं. पण भाऊ चालायला लागला, तशी आई म्हणाली, आता पडवी पुरे, चूल बघ.

नेमकी तेव्हा चांगुणा आली. कोळीवाड्यातली, पाचेक वर्षांची, तेल लावून चापून बसवलेले केस. आली ती खांबाला चिकटून उभी राहिली. बोलेना, रडेना, बसेना. आत्याने तिचा हात माझ्या हातात दिला, तो तिने सोडलाच नाही. मी नसले की ती उंबऱ्यावरूनच परत जायची. मग मी रोज पडवीत यावं म्हणून तिच्या आईने आमच्या घरी सुकट पाठवायला सुरुवात केली, कधी बोंबील, कधी ताजी मांदेली. आईने चुलीचा विषय सोडला. माझं शिक्षण असं सुकटीवर चाललं. तेव्हा मी हसायची. आता — असो.

एक दिवस आम्ही दोघी शिंपले निवडत होतो. अख्खे एकीकडे, फुटके एकीकडे. मी गप्पा मारत एक शिंपला अख्ख्यांत टाकला. तिने तो उचलला आणि अगदी हळू म्हणाली, "ह्यो फुटलाय."

तिचं पडवीतलं पहिलं वाक्य. माझी चूक दाखवणारं.

मी ओरडून आत्याला सांगायला हवं होतं, नाही का? आत्याने साऱ्या पोरांना गूळ वाटला असता. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो सुकटीचा. ही बोलायला लागली तर हिला माझी गरज काय? मग मला इथे कोण येऊ देणार?

मी तिला विहिरीमागे नेलं आणि सांगितलं, पडवीत बोलायचं नाही. जी पोरं बोलतात त्यांना गुरुजी मोठ्या शाळेत नेतात आणि तिथे बोलणाऱ्या पोरांना मारतात. ती डोळे मोठे करून ऐकत होती. तिने मान हलवली. पाच वर्षांचं पोर, मी सांगितलं ते खरंच असणार.

विहिरीमागे मात्र ती खूप बोलायची. कुठल्या होडीला कोणतं जाळं, आजीचे दात कुणी नेले, वारा फिरला की बाबा काय म्हणतो. चिंचोके मोजण्यात तर माझ्या पुढे. हे सगळं मी एकटीने ऐकलं. पडवीत आलो की तिच्या वतीने मी बोलायची — चांगुणाला पाणी हवंय, चांगुणाला येतं, चांगुणाला नको. आत्या म्हणायची, काय माया लावलीस गं पोरीला. मला ते गोड वाटायचं. खोटं कशाला सांगू?

जूनमध्ये शाळेचे गुरुजी नावं घालायला पडवीत आले. मवाळ माणूस, छडी शोभेपुरतीच. त्यांनी चांगुणाला नाव विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. गुरुजींनी पुन्हा विचारलं. दाराशी तिची आई उभी होती, डोक्यावर रिकामी पाटी. ती म्हणाली, "घरान तर दिसभर बोलतं ती. भायेर बुजतं."

गुरुजी आत्याकडे वळले आणि आत्या माझ्याकडे. दिवसभर तिच्याजवळ मीच तर असायची.

"नाही गुरुजी," मी म्हटलं. "ती कधीच बोलत नाही."

पोटच्या पोरीबद्दल आई सांगत होती आणि विश्वास ठेवला गेला माझ्यावर. बोलायला लागली की आणा, गुरुजी समजुतीने म्हणाले. तिच्या आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चांगुणाचा हात धरून ती वाळूवर उतरली. पाऊस संपला तशी पोर तिच्याबरोबर मासळी वाळवायला लागली. पडवीत परत आली नाही. आत्या दोनदा बोलवायला गेली. मी गेले नाही.

सुकट बंद झाली. मला वाटलं, आता माझंही संपलं. आत्याने आईला एवढंच म्हटलं, वहिनी, पोर फायनल पास होईल, बसू दे. आई म्हणाली, बसू दे. इतकंच. म्हणजे कुणी नुसतं विचारलं असतं, तरी भागलं असतं.

मी पास झाले, शिक्षिका झाले. बरीच गावं फिरून माझी बदली आमच्याच गावच्या शाळेत झाली आणि जूनमध्ये नावं घालायला मी कोळीवाड्यात गेले. एका वळणावर एक बाई व्यापाऱ्याशी मासळीच्या भावावरून भांडत होती, आवाज बंदरापर्यंत जाईल असा. ती चांगुणा. तिने मला ओळखलं की नाही, कळलं नाही. तिच्या लुगड्याला धरून एक मुलगी उभी होती. मी खाली बसून तिला नाव विचारलं. मुलगी आईकडे बघायला लागली.

चांगुणा म्हणाली, "सांग नाव. बोलणाऱ्या पोरांना ही बाय न्हाय मारीत."

मुलीने नाव सांगितलं, खणखणीत. मी ते लिहून घेतलं. चांगुणा तोवर पुन्हा व्यापाऱ्याकडे वळली होती. मी उठले आणि पुढच्या घरी गेले.