कडेला रोवलेला खांब

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावाबाहेरच्या मक्याच्या शेतात मी मोजणीचा खांब अगदी कडेला रोवला, कारण बस स्टॉप तिथून जवळ होता. मला गाडी चालवता येत नव्हती आणि रोज कुणाकडे लिफ्ट मागायची लाज वाटायची. खांबावरची यंत्रं पिकातून हवेत किती उष्णता आणि किती ओल जाते ते मोजत. माझी पीएचडी त्यावरच होती.

शेजारच्या शेतातलं गवत कापून नेलेलं होतं. ती उघडी जमीन उन्हात तापायची. तिथली गरम, कोरडी हवा मक्यात शिरायची आणि पहिल्या काही ओळींतली ओल ओढून न्यायची. दुपारी कडेची पानं गुंडाळलेली असत. बरंच आत गेलं की मका टवटवीत, हवा दमट, चष्म्यावर वाफ. हे मी पहिल्याच आठवड्यात पाहिलं. पण खांब मधोमध न्यायचा तर पलीकडच्या रस्त्याने जायला हवं होतं आणि तिकडे बस नव्हती. वारा बहुतेक मक्याकडूनच येत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. असे दोन उन्हाळे काढले. मूर्खपणा नुसता!

गाईडनी वाऱ्याच्या दिशा तपासल्या तेव्हा कळलं, वारा बहुतेक दिवस कापलेल्या गवताकडूनच येत होता. माझे आकडे शेताचे नव्हतेच, कडेचे होते. सगळे बाद.

"अगं, कडेवरच थीसिस लिही ना यार," माझी नागपूरची रूममेट म्हणाली.

"कंपेअर कशाशी करू? आतलं काही मेजरच केलं नाहीये."

मी आठवडाभर अंथरुणातून उठले नाही. घरच्यांचे फोन घेतले नाहीत. आपण कशालाच लायक नाही, याची मला पक्की खात्री पटली होती.

मग गाईडनी बोलावलं. शेतात जाताना कधी काही जाणवलं नाही का, त्यांनी शांतपणे विचारलं. मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली. त्याच दिवशी त्यांनी मला एक वर्ष वाढवून द्यावं म्हणून विभागाला पत्र लिहिलं आणि मला वाचायला दिलं. विद्यार्थिनीच्या हे लक्षात येणं शक्य नव्हतं, गाईड म्हणून मीच एकदा शेतात जाऊन बघायला हवं होतं, चूक माझी आहे, असं त्यात होतं.

मी ते दोनदा वाचलं, थँक यू म्हटलं आणि परत दिलं.