होकार देणारी गाडी

ती गाडी पहिल्यांदा वाकताना पाहिली, ती दुपार अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत चोऱ्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, खूनही पाहिले; त्यातले बरेच आता धूसर झाले. ही दुपार मात्र लख्ख आठवते, आणि तरीही स्वप्नात घडल्यासारखी वाटते. मुलांनो, तुम्ही फोनवर नेहमी म्हणता, "आजी, तुझी एखादी केस सांग." म्हणून ही लिहून पाठवते आहे. नावे कुणाचीच देणार नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या बाजूच्या एका ठाण्याची मी ठाणेदार होते. सकाळची हजेरी घेऊन ड्यूट्या वाटत होते, तेवढ्यात एका गावची आशाताई धापा टाकत आत आली. आशाताई म्हणजे घरोघर फिरून औषधपाणी पाहणारी सरकारी सेविका.

"मॅडम, पोरगी मरून जाईन," ती दारातूनच म्हणाली.

गावातल्या एका शाळकरी मुलीला फिट येत. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी फिट पुष्कळ आटोक्यात आल्या होत्या. आता आईने गोळ्या बंद केल्या होत्या.

"काऊन बंद केल्या?"

"गाडीनं सांगतलं."

"गाडीनं?"

"हाव. महाराजाची काळी मोठी गाडी हाय. तिले सवाल विचारा लागते. खाली बसली म्हणजे हाव, नाई बसली म्हणजे नाई. गोळ्या बंद करू का म्हणून हिनं विचारलं, न् ते बसली."

आमचे जमादार हसू दाबत म्हणाले, "मॅडम, आपली जीप चार जणांनी ढकलल्याशिवाय हालत नाई, न् त्याची गाडी सल्ला देऊन राह्यली."

जादूटोणाविरोधी कायद्याखाली दक्षता अधिकारी मीच होते. त्याच दिवशी छापा घालता आला असता. पण माणसाच्या डोळ्यांदेखत त्याचा देव पोलिसांच्या गाडीत घातला, तर तो देवावर नाही, पोलिसांवर चिडतो. ती आई गोळ्यांकडे मग ढुंकूनही पाहणार नव्हती. मला महाराज हवा होताच, पण त्याआधी मुलीच्या पोटात गोळी जायला हवी होती.

जमादार आणि मी साध्या वेषात, बहीण-भाऊ म्हणून गेलो.

कपाशीच्या शेतांमध्ये पत्र्याचा मांडव होता. मागे सातपुड्याची निळी रेघ. झेंडूच्या माळांनी मढवलेली गाडी उन्हात चमकत होती, आणि तिच्याभोवती उडालेली धूळ सोन्यासारखी तरंगत होती. काळ्या काचांच्या आत एक साधक मौन धरून बसतो, असे लोक सांगत होते. एका म्हाताऱ्याने सवाल विचारला. महाराजांनी गाडीच्या बॉनेटवर नारळ ठेवून डोळे मिटले. झांजा सुरू झाल्या. आणि ती एवढी थोरली गाडी पुढच्या बाजूने हळूहळू खाली आली, गाय पुढचे गुडघे मोडून बसते तशी. झांजांच्या आवाजात दुसरे काही ऐकू येत नव्हते. माझे हात केव्हा जोडले गेले, मला कळलेही नाही.

"ताई, आपुन ड्यूटीवर हावो," जमादार कानाशी पुटपुटले.

मी भानावर आले आणि नारळाकडे पाहत राहिले. देवापुढे नारळ ठेवताना शेंडी देवाकडे करतात, हे आपल्याकडे पोरीसोरींनाही माहीत असते. म्हाताऱ्याच्या वेळी शेंडी गाडीकडे होती. पुढच्या बाईच्या वेळी महाराजांनी ती बाईकडे केली. गाडी हलली नाही. त्यानंतरच्या माणसालाही तसेच. देवाकडे पाठ केलेला नारळ कुठला पुजारी ठेवील?

परत आल्यावर आमच्या मोटार विभागातल्या साहेबांना फोन लावला. त्यांनी समजावले, की काही महागड्या गाड्यांत स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या असतात. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडला, की दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधून पुढच्या चाकांची हवा सोडता येते, पुन्हा भरताही येते. म्हणजे मौनी साधकाच्या मांडीवर काय असणार आणि नारळाची शेंडी कुणाला खूण करत होती, हे उघड होते.

दोनच दिवसांत आशाताईचा निरोप आला. मुलीला चुलीजवळ फिट आली होती, थोडक्यात वाचली. आई घाबरली होती. गुरुवारी ती पुन्हा विचारायला जाणार होती.

गुरुवारी आशाताई आणि मी तिच्या मागेच उभ्या होतो. मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होती. आईने पदर पसरला.

"महाराज, गोळ्या फिरून चालू करू का?"

महाराजांनी नारळ ठेवला. शेंडी आईकडे. त्यांनी डोळे मिटले, झांजा वाजू लागल्या. मी गाडीला नमस्कार करण्याच्या निमित्ताने पुढे वाकले आणि नारळ फिरवला, शेंडी गाडीकडे.

गाडी वाकली.

आईने आशाताईच्या पिशवीतून गोळी घेतली आणि तिथेच, तांब्यातल्या पाण्याबरोबर मुलीला दिली. मुलीने ती गिळल्यावर मी जमादारांना खूण केली.

मागचे दार उघडले तेव्हा शाल पांघरलेला तरुण लॅपटॉपवर बोटे ठेवून बसला होता. केबल स्टेअरिंगखाली गेली होती. पंचांसमक्ष लॅपटॉप, केबल, गाडी, सगळे जप्त केले. पंचनामा लिहिताना जमादारांनी विचारले, "मॅडम, नारळ कोणं फिरवला लिहू?"

"मी फिरवला. तसंच लिहा."

ठाण्यात महाराज कायद्यावर वाद घालत बसले. तरुण मात्र पाणी प्यायल्यावर बोलू लागला. शहरातल्या गॅरेजात तो हेच काम शिकला होता. मी विचारले, "त्या आजारी पोरीकडे पाहून काहीच वाटलं नाही?"

"मी पाह्यतच नव्हतो मॅडम. माह्यी नजर शेंडीवर राहे. लोकाइकडे पाह्यलं असतं तर बटन दाबनं झालं नसतं."

संध्याकाळी ती आई मुलीला घेऊन ठाण्यात आली. "माह्या देवाले काऊन आनलं इथं?" तिने दारातच विचारले. मी तिला खुर्ची दिली आणि सगळे सांगितले. नारळाचेही.

"म्हणजे आज हाव म्हणणाऱ्या तुमीच?"

"हो, मीच."

"तुमीबी फसवलं मले."

"फसवलं. म्हणून तर खरं सांगते आहे."

"दवाखान्यातले चिठ्ठी देत न् पुढच्याले बोलावत. पोरगी बरी होईन का, हे मले कोणी सांगतलं नाई. गाडीनं सांगतलं." मग तिने सरळ माझ्याकडे पाहिले. "तुमी सांगता का? होईन बरी?"

हो म्हणणे फार सोपे होते. तिला तेवढेच हवे होते. मी म्हणाले, "ते मला माहीत नाही, माय. रोज गोळी घेतली तर फिट कमी येतील, एवढं डॉक्टर सांगतात. उद्या दवाखान्यात मी तुझ्यासोबत येते. तुझं विचारून होईपर्यंत त्यांना उठू देणार नाही."

तिने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "रातची गोळी जेवनाआधी द्याची का मांगून?" तिने विचारले.

या केसमधून मी शिकले ते एवढेच. घाबरलेला माणूस उत्तरासाठी कुठेही जातो, आणि आम्ही शहाणी माणसे त्याचा प्रश्न पुरता ऐकूनही घेत नाही. त्यानंतर ठाण्यात कुणीही आले, तरी त्याचे बोलणे संपेपर्यंत मी पेन उचलत नसे.